लोखंडी पाटीवरचं नाव

माझ्या बापाचं नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याला हवंच असेल त्यानं शहरातल्या सरकारी बागेत जावं, काचघराच्या मागे वळावं आणि तिसऱ्या वाफ्यापाशी वाकून बघावं. तिथे लोखंडी पाटीवर ते आहे, मागे लॅटिनची एक शेपटी चिकटवलेली. मला विचारू नका. ते एकदा माझ्या तोंडून गेलंय आणि अजून निस्तरते आहे.

आम्ही बाका नदीची माणसं. गोऱ्यांनी तिला कुठल्याशा साहेबाचं नाव दिलंय. नदी, डोंगर, तळं, गवत, काही सोडत नाहीत; जे दिसेल त्यावर साहेबाचं नाव ठोकतात आणि पुढे जातात. आमच्यात उलटं आहे. माणूस मेला की त्याचं नावही जातं. कोणी घेत नाही. वस्तीत त्याच नावाचा दुसरा कोणी असेल तर तो आपलं नाव बदलतो, कुरकुर करत नाही. कारण नाव घेतलं की मेलेला वळून बघतो. बिचाऱ्याला लांब जायचं असतं, आणि आपण मागून हाका मारतो. एवढंच आहे. यात न कळण्यासारखं काय आहे? पण मी बघितलंय, जितका माणूस शिकलेला तितकं त्याला हे कळत नाही.

डॉक्टर हार्टेनाऊ आमच्या वस्तीत आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. सात घोडे, त्यातल्या तीन घोड्यांवर नुसते कागद. हा माणूस सकाळी उठून गुडघ्यांवर रांगायचा, पानं तोडायचा, टीपकागदात घालायचा, दोन फळ्यांमध्ये दाबायचा आणि पट्ट्यांनी आवळायचा. दुसऱ्या दिवशी सगळं सोडून ओले कागद उन्हात टाकायचा आणि पुन्हा आवळायचा. बायका पोट धरून हसायच्या.

माझी आत्या माझ्या बापाला म्हणाली, "दादा, हा पाला खातो का रे?"

"खात नाही. वाळवतो."

"आणि मग?"

"त्याच्या देशात पाठवतो."

"का? तिथे पाला उगवत नाही?"

त्या दिवसापासून त्याचं नाव पाचोळासाहेब पडलं. त्याला ते कधी कळलं नाही. नाहीतर त्यालाही शेपटी चिकटवून एखाद्या झाडावर ठोकलं असतं.

पाचोळासाहेबानं माझ्या बापाला बरोबर घेतलं, कारण पाणी कुठे आहे ते बापाला कळायचं, आणि कुठल्या मातीत काय उगवतं तेही. पुढे साहेबानं जाडजूड पुस्तक छापलं. त्यात पानोपानी 'मला आढळलं', 'मी शोधलं'. ते झुडूप त्याला आढळलं म्हणे. महापूर ओसरला की तळ्याचा तळ करडा होतो, भेगाळतो, आणि चंद्र दीड वेळा भरला की त्या भेगांतून ते जमिनीलगत पसरतं. निळी बारीक फुलं येतात. बायका काठीनं त्याची मुळं उकरतात आणि राखेत भाजतात. माझा बाप साहेबाला दोन दिवस चालवत तिथे घेऊन गेला. पुस्तकात लिहिलंय, ही वनस्पती आजवर अज्ञात होती. अज्ञात! ज्या दिवशी त्याला ती आढळली त्या दिवशी माझ्या पोटात तिची चार मुळं होती.

परतीच्या वाटेवर ओढ्याला पूर आला. कागदांचा घोडा पाण्यात कलला. साहेब काठावरून ओरडत होता, "कागद! कागद!" माझ्या बापानं एक गाठोडं डोक्यावर घेतलं आणि कोरडंठाक काठावर आणून ठेवलं. मग दुसऱ्यासाठी तो परत आत गेला. वरून ओंडका आला.

तिसऱ्या दिवशी सापडला.

माझ्या आईनं आमच्या बायका करतात तेच केलं. केस कापले, डोक्यावर जाळी बसवली आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर चढवला, थरावर थर, वाळून दगड होईपर्यंत. तो टोप डोक्यावर असेतो विधवा बोलत नाही, हातानं खुणा करते. मानेवर एवढं ओझं घेऊन ती पाणी भरायची, मुळं उकरायची. नऊ महिने. मग टोप उतरवला, बापाच्या थडग्यावर नेऊन ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली ते मला अजून आठवतं. "हेस्टर, तुझे केस विंचर, बघवत नाही." बापाबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. तो पोचला होता.

हेस्टर हे माझं नाव मालकिणीनं ठेवलेलं. मेंढ्यांच्या मळ्यावर मालकाच्या घरात मी झाडलोट करायचे. तिथेच वाचायला शिकले. कोणी शिकवलं नाही, उलट मालकीण म्हणायची, "तुला काय करायचंय गं अक्षरांचं? पिठात घालून खाणार आहेस?" पिठाचं पोतं, चहाचा डबा, साबणाचं खोकं, मिळेल ते मी वाचायचे. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचं, मग जोडून म्हणायचं आणि कानाला काय ऐकू येतं ते बघायचं. मनातल्या मनात वाचतात हे मला माहीतच नव्हतं. माझं वाचणं कानानं चालायचं. हे लक्षात ठेवा.

बाप गेल्याला बारा वर्षं झाली तेव्हा आईच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या. पापण्या आतून खडबडीत, सतत पाणी, उजेड सोसवेना. आगबोटीनं नदीतून खाली आणि पुढे गाडीनं मी तिला शहरात नेलं. इस्पितळातला डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "आठ दिवस रोज आणा. रोज औषध लावावं लागेल. मध्ये खंड पडला तर दोन्ही डोळे जातील, मग माझ्याकडे रडत येऊ नका." पहिल्या दिवशी औषध लावलं. आई शिव्या देत बाहेर आली.

"मेल्यानं डोळ्यात निखारे घातले."

"आई, बरं वाटेल."

"तुझ्या डोळ्यात घालू दे त्याला, मग सांग बरं वाटतं का."

दुपार मोकळी होती. दवाखान्याच्या समोरच बाग. सावली होती म्हणून आत गेलो. आईला फक्त आकार दिसत होते. ती हातानं चाचपत, वास घेत चालली होती आणि प्रत्येक झाडाला नावं ठेवत होती. "हे काय, साबणासारखं. हे आजारी आहे. ह्याला कोणी पाणी घालत नाही वाटतं." काचघराच्या मागे ती थांबली. वाकली, एक पान चुरगळलं आणि नाकाशी धरलं.

"हे आपलं आहे."

"इथे कसं असेल?"

"जिभेला लाव. मला शिकवू नकोस."

आपलंच होतं. करड्या मातीचा गोल वाफा, त्यात निळी बारीक फुलं. पुराशिवाय, भेगांशिवाय, झारीच्या पाण्यावर जगवलेलं. आई खूश झाली. बारा वर्षांत मी तिला एवढी खूश बघितली नव्हती. पानांवरून हात फिरवता फिरवता तिच्या हाताला ती पाटी लागली.

"लोखंड आहे. काही लिहिलंय का गं?"

"लिहिलंय."

"वाच की मग. सगळ्या वस्तीत सांगत फिरतेस वाचता येतं म्हणून."

मी वाचलं. पहिला शब्द लॅटिन, लांबलचक, त्याचा अर्थ लागेना, म्हणून मी आणखी मोठ्यानं वाचू लागले. दुसरा शब्द सुरू केला. एकेक अक्षर. आईपुढे मिरवत होते मी! अक्षरं जोडली आणि खणखणीत म्हटली. मग माझ्या कानानं ते ऐकलं.

आईचा हात माझ्या तोंडावर आला, पण शब्द बाहेर पडून गेला होता.

ती वाटेवर बसली. तिथे पांढरी खडी पसरलेली होती. तिनं मूठ भरली आणि डोक्यावर ओतली. मग दुसरी. छत्र्या घेतलेल्या दोन बायका वळसा घालून गेल्या. मी म्हणाले, "आई, मी मुद्दाम नाही केलं." तिनं हातानं खूण केली, विधवेची. तळहात ओठांवर, मग खाली जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी ती इस्पितळात आली नाही. मी ओढलं, विनवलं, ओरडले. तिनं बागेच्या दिशेला बोट दाखवलं आणि पुसल्यासारखा हात फिरवला. ते आधी पुसा. मग डोळे. तिसऱ्या दिवशीही तेच. तिच्या पापण्या चिकटायला लागल्या होत्या.

मी पाचोळासाहेबाला शोधून काढलं. तो त्याच बागेच्या टोकाला एका दगडी इमारतीत बसायचा. भिंतीभर कपाटं, कपाटांत आमचा सगळा देश वाळवून ठेवलेला. म्हातारा झाला होता. मी कोण ते सांगितलं तर खुर्चीवरून उठला आणि माझे दोन्ही हात धरले.

"त्याची मुलगी! तेच कपाळ! अगं, ये, बस," आणि त्यानं नाव घेतलं. प्रेमानं घेतलं, हे मी लिहितेच.

"साहेब, नाव घेऊ नका."

"का? मी रोज घेतो." आणि पुन्हा घेतलं.

कपाटातून त्यानं एक कागद काढला, लेकराला उचलावं तसा. त्यावर ते झुडूप चपटं होऊन पडलं होतं. फुलांचा निळा रंग गेला होता. मुळाला माती होती, आमची करडी माती. खाली चिठ्ठीवर जागा, तारीख, मातीचा रंग, आणि 'गोळा करणारा' या जागी साहेबाचं स्वतःचं नाव.

"ते नाव काढून टाका," मी म्हणाले. "पाटीवरून आणि पुस्तकातूनही. माझी आई बोलत नाही, डोळ्यांना औषध लावू देत नाही. आमच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. तुम्ही चार महिने आमच्यात राहिलात, तुम्हाला हे ठाऊक होतं."

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण ती वस्तीतली रीत. हे विज्ञान आहे, मुली. इथे जो पहिल्यांदा नाव छापतो त्यानं दिलेलंच नाव कायम राहतं. हा आमचा कायदा. उद्या मी स्वतः म्हटलं की चुकलो, तरी राहणार. राजालासुद्धा बदलता येत नाही."

"आमचाही कायदा आहे."

"तो कुठे लिहिलाय?"

"लिहिलेला नाही. म्हणून तर पाळावा लागतो."

तो खाली बसला. "मी त्याला अमर केलंय. समजून घे. तुझ्या-माझ्या मागे शंभर वर्षांनीही माणसं ते नाव घेतील. लंडनमध्ये, बर्लिनमध्ये."

"तेच सांगतेय मी. तुम्ही त्याला मरू देत नाही."

"त्यानं माझे कागद वाचवले! मी काय द्यायला हवं होतं? पीठ? घोंगडी?"

"पहिलं गाठोडं काठाला लागलं तेव्हा पुरे म्हणायला हवं होतं."

त्यानं चपट्या झुडपाचा कागद उचलून पुन्हा कपाटात ठेवला.

मी विचारलं, "दुसऱ्या गाठोड्यात काय होतं?"

"गवतं."

"मिळाली?"

"नाही. वाहून गेली." मग तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. तो म्हणाला, बागेतली पाटी तरी काढायला सांगतो, पण त्यासाठी समितीची बैठक व्हावी लागेल, ती पुढच्या महिन्यात. आईचे डोळे पुढच्या महिन्यापर्यंत थांबणार नव्हते.

मी सरळ वाफ्याकडे गेले, भर दुपारी, आणि दोन्ही हातांनी पाटी हलवायला लागले. खोल रोवलेली होती. बागेचा मुकादम क्विगली धावत आला. आयरिश माणूस, तांबड्या मिशांचा.

"ए बाई! काय चाललंय?"

"पाटी उपटतेय."

"ते दिसतंय. का?"

"माझ्या बापाचं नाव आहे त्यावर."

त्यानं पाटी बघितली, मला बघितलं. "लोक बापाचं नाव लागावं म्हणून मरतात. माझ्या बापाचं नाव तर त्याच्या थडग्यावरही नाही."

"सुखी असेल तो."

मिशीतून हसला की काय केलं ते कळलं नाही. कुदळ आणली, दोन घाव घातले आणि पाटी माझ्या हातात दिली. "ने. पण सांगून ठेवतो, साचा तयार आहे. पुढच्या आठवड्यात दुसरी ओतून आणतील. मलाच रोवायला सांगतील."

मी पाटी शालीखाली झाकून आईकडे नेली. तिच्या मांडीवर ठेवली. तिनं उठावदार अक्षरांवरून बोटं फिरवली. तिला वाचता येत नव्हतं. तिच्यासाठी ते नुसते उंचवटे होते. नाव माझ्या तोंडात होतं, लोखंडात नव्हतं. पण हे ती म्हणाली नाही.

"काढलं," मी म्हणाले. "सगळीकडून काढलं, आई. पुस्तकातूनही. साहेबानं माझ्यासमोर खोडलं."

बागेतल्या त्या दुपारनंतर पाच दिवसांनी तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. "तू बघितलंस?"

"बघितलं."

"वाचून बघितलंस ना?"

"हो. मनातल्या मनात."

तेव्हा ती इस्पितळात आली. तरुण डॉक्टरनं मला वाटेल ते सुनावलं. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडा उजेड राहिला, माणूस उभा आहे की खांब एवढं कळण्यापुरता.

नदीवर परत आल्यावर तिनं पाटी बापाच्या थडग्याशी पुरली. मातीचा टोप तिथे नव्हता. मिशनचा पाद्री म्हणाला, कोणी जिज्ञासू साहेब बोटीनं आला होता, तो घेऊन गेला. आईनं नवा टोप केला. थोड्या उरलेल्या उजेडात, पांढऱ्या डोक्यावर पांढरी माती. पुन्हा नऊ महिने खुणा.

ती आणखी चार वर्षं जगली. मी खोटं बोलले हे तिला कळलं होतं का, हे मला सांगता येत नाही. शेवटच्या दिवसांत ती झाडाखाली पडून असायची. एका सकाळी आत्या तिला पाणी पाजत होती तेव्हा ती म्हणाली, "तो अजून वाटेतच आहे गं. कोणीतरी हाका मारतंय त्याला." आत्यानं विचारलं, "कोण मारतंय?" आईनं माझ्याकडे तोंड वळवलं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. "लांबून मारतात," ती म्हणाली. त्यानंतर तीन दिवस होती, पण पुन्हा बोलली नाही.

पावसाळ्यानंतर आगबोटीनं माझ्या नावाचं पत्र आलं. पाचोळासाहेबाचं. आईची बातमी त्याला पाद्रीनं कळवली होती. अक्षर थरथरत होतं. त्याला आमच्याच भागातलं एक पांढऱ्या फुलांचं झुडूप मिळालंय, अजून त्याला नाव नाही. ते माझ्या आईच्या नावानं छापावं अशी त्याची इच्छा आहे, म्हणजे पुस्तकात नवरा-बायको शेजारी शेजारी राहतील. झालेल्या दुःखाची ही त्याच्याकडून अल्पशी भरपाई. पाद्रींना तिचं खरं नाव माहीत नाही. तरी कृपया तुमच्या भाषेतलं खरं नाव स्पष्ट अक्षरांत कळवावं.

मी ते पत्र ओठ मिटून तीनदा वाचलं. तोवर मला जमायला लागलं होतं.

"काय म्हणतोय पाचोळा?" आत्यानं विचारलं.

"वहिनीचं नाव हवंय तुझ्या. झाडाला द्यायला."

आत्या थुंकली. "एक खाल्ला तो पुरला नाही?"

मी कागद घेतला. मळ्यावर पीठ, चहा, साखर वाटतात त्या वहीत आमच्या बायकांना मालकिणीनं नावं दिली होती, तिच्या सोयीची. त्या रांगेत सात बायका पॉली होत्या. माझी आई त्यातली चौथी. मी स्पष्ट अक्षरांत लिहिलं: माझ्या आईचं खरं नाव पॉली. दुसरं नाव तिला नव्हतं. खात्री करायची असेल तर शिध्याची वही बघावी.

आत्याला वाचून दाखवलं. तिचे खांदे हलायला लागले. "पॉली? अगं, मालकाच्या पोपटाचं नाव पॉली होतं!"

"तो पण येईल की पुस्तकात."

आईला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मग नुसतं पाणीच राहिलं.

साहेबानं छापलं. पुढच्याच वर्षी वारला. आता तो पोचला असेल तर पोचो, त्याचंही नाव मी या पानापुढे घेणार नाही. आमच्यात तेवढी रीत शत्रूलाही लागू आहे.

त्यानंतर एकदाच मी शहरात गेले. तिसऱ्या वाफ्यात निळं झुडूप होतं, नवी पाटी होती. शेजारी पांढऱ्या फुलांचं, त्याची वेगळी पाटी. मी पांढऱ्यासमोर उभी राहिले आणि मोठ्यानं, अक्षर अक्षर जोडत, वाचलं. पॉली. वाटेवरची माणसं बघायला लागली म्हणून आणखी मोठ्यानं वाचलं. पॉली. पॉली. कोणी वळलं नाही. जिला वळायचं होतं ती त्या नावाची कधी नव्हतीच.

मग निळ्या झुडपापाशी आले, ओठ घट्ट मिटले आणि त्या पाटीकडे न बघता पुढे गेले.